लग्नाची पंचविशी, एक साल आधी

अजी, तुमाले माहीत होतं.

आज दुपारी कौसानं सांगतलं. तुमची लाडकी बहीण, अमरावतीवाली. तुमाले जाऊन अजून महिना बी नाही झाला. अंगणात बसून आमी दोघी तांदूळ निवडून राहिलो होतो. मी आपली रोजच्यासारखी बोलत होती का, बरं झालं बाई, माणूस चालता-बोलता गेला, सकाळचा चहा घेतला, कामावर जायले सदरा घालत होता अन् तिथंच बसला, त्याले बी काही कळलं नाही. त कौसाचा हात सुपातच थांबला. खाली पाहत म्हणे, "वयनी, दादाले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच्या छातीचं. डॉक्टरनं सांगतलं होतं त्याले, कधीबी होऊ शकते म्हणून. लंकेले जायच्या आधीच सांगतलं होतं."

मी रडली नाही. मी सूप उचललं अन् तिच्या मांडीवर उपडं केलं. सारे तांदूळ अंगणभर. कोंबड्यांचं साधलं. अन् घरात येऊन कडी लावून बसली, ती आता लिहाले बसली. दीक्षेच्या नंतर तुमीच मले अक्षरं शिकवली न, "आता आपण कुठंबी अंगठा नाही मारायचा" म्हणून. घ्या. तुमचीच अक्षरं तुमच्याच अंगावर टाकून राहिली मी.

परवा आपली सुमन येणार हाये बाळंतपणाले. पयलं बाळंतपण माहेरी, लेकीनं यायचंच असते. कडीच्या पल्याडून कौसा सांगते, "वयनी, सुमनले नको सांगू. दोन जिवांची हाये पोरगी. बाबाले काही समजलंच नाही असंच तिले वाटू दे." म्हणजे तुमी जे माझ्यासंग केलं ते आता मी पोरीसंग करायचं. तुमच्या घराण्याची रीतच आहे म्हणा न ही. मी अजून काही ठरवलं नाही. आधी तुमच्यासंग भांडायचं हाये मले.

तुमी गेले होते अमरावतीले, कौसाच्या छपराचे कवेलू फेरायले. मले असंच सांगतलं होतं. दोन दिवसांनी आले त धोतराले मातीचा डाग नाही, नखात काळं नाही. मी म्हणली बी, "कवेलू फेरले का कवेलांकडे पाहून आले?" तुमी हासले. म्हणे, "कौसाचा नवरा कामाचा गडी निघाला बापा, मले हातच नाही लावू देल्ला." अन् मी कौसाच्या नवऱ्याचं कौतुक केलं! मी मूर्ख, त्या बिचाऱ्याच्या नावानं शेजारणीपाशी सांगत फिरली का असा जावई पायजे. अन् तुमी त दोन दिवस दवाखान्यात होते. कौसा संगं होती. तिच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून तुमी तिले शपथ घातली. पोराच्या डोक्यावर! बुद्ध झालो अन् असल्या शपथा सोडल्या म्हणून वस्तीत भाषणं देत होते तुमी.

तिथून आले अन् आठ दिवसांत तुमच्या डोक्यात लंका घुसली.

विहारातली मंडळी लंकेले चालली होती, अकोल्याची अन् अमरावतीची मिळून, कौसा बी त्यात. आधी तुमी नाही म्हणले होते, कापसाच्या जिनाचा हंगाम हाये, फिटरले सुट्टी कोण देते. अन् एकाएकी एका सकाळी, मी भाकर थापत होती, चुलीपाशी येऊन बसले. म्हणे, "अवं, आपल्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली. आपण जाऊ."

मी म्हणली, "पंचवीस कशाची? पुढल्या साली होतात. अन् आपल्यात कोण करते लग्नाचा वाढदिवस? सायबाची थेरं."

"पुढल्या साली झाली त पुढल्या साली. आपण आत्ताच करू."

"अन् पुढल्या साली काय करसान?"

"पुढल्या सालाची कोणाले खबर?"

असं त सारेच म्हणतात न अजी. गहू पेरतानी म्हणतात, पोरगी देतानी म्हणतात. मले काय माहीत का तुमी खरंच खबर सांगून राहिले. आपल्या लग्नाची तारीख तरी कोणाले ठाऊक होती? माय म्हणे कापसाचा दुसरा वेचा झाला तवा झालं, तुमची माय म्हणे तूर कापली तवा. तुमीच कॅलेंडरवर एका दिवसाले बोट ठेवलं, म्हणे हाच आपला दिवस, अन् त्या दिवशी आपण समुद्रावर असू. मी लाजली. इतक्या वर्षांत पयल्यांदा नवऱ्यानं लग्नाचं नाव काढलं. बाई हो, माझं तोंड दिवसभर फुललेलं होतं. कोणाले सांगू, कोणाले नाही. त्या दिवसाची मले आज इतकी लाज वाटून राहिली का काय सांगू.

मग मी गोधडी काढली शिवाले. लंकेच्या भंतेले द्यायची म्हणून. नागपूरले दीक्षा घेतली तवा साऱ्या वस्तीनं पांढरं घातलं होतं. कोणाचं लुगडं, कोणाचं धोतर, कोणाचा सदरा. त्या कपड्याचा एक एक पट्टा मी घरोघरी जाऊन मागतला. जुनी गंगूमाय देईना. म्हणे, "हे मी माह्यासंग नेईन." मग माझ्या हातात हात धरून रडली अन् पदराचा काठ फाडून देल्ला. आत भराले माझी जुनी लुगडी, तुमची धोतरं. दुपारभर अंगणात अंथरून टाके घालायची मी, अन् सांजेले तुमी कामावरून येऊन एका कोपऱ्यावर बसायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. तेवढं काम तुमचं होतं. माझे टाके वाकडे गेले का म्हणायचे, "आता इथून मोर्णा नदी वळली."

तवा तुमी म्हणले होते, "पातळ कर थोडी. उन्हाचा देश हाये तो."

मी म्हणली, "पांघरुणाले वजन पायजे. नाहीतर माणसाले पांघरल्यासारखं वाटत नाही." अन् अजून एक लुगडं घातलं आत.

तुमी नुसती सुई ओवून देल्ली. एक शब्द बोलले असते! "अवं, मले उचलवणार नाही." बस. इतकाच. मी ते लुगडं उसवून काढलं असतं, सारीच लुगडी काढली असती, नुसता एक पदर नेला असता भंतेले. पण नाही. जवानीत जिनात कापसाच्या गाठी फेकल्या न तुमी. गाठी फेकणाऱ्या गड्याले बायकोपाशी कसं म्हणता येते, मले जड होते म्हणून.

आता मी काय करून राहिली, ठाऊक हाये का? साऱ्या यात्रेचे टाके उसवून पाहून राहिली. मद्रासच्या स्टेशनावर गाडी बदलतानी कौसा गोधडीचं गठोडं धरायले धावली. तुमी तिच्या हातातून ओढून घेतलं. तुमी दोघांनी एकमेकाकडे पाहिलं, अन् मले राग आला का भावा-बहिणीचं काय कुजबुजणं चाललं माझ्याबद्दल. दोन स्टेशनं मी कौसासंग बोलली नाही. तिनं तवाच मले रागानं सांगून टाकायले पायजे होतं. तिनं बी नाही सांगतलं. माझा रुसवा सोसला, पण तुमची शपथ मोडली नाही. मी तिले काय म्हणू, सांगा.

धनुष्कोडीले बोटीत चढलो. मले इतकी मळमळ झाली का जीव तोंडात आला. तुमी माझं डोकं मांडीवर धरलं, आपल्या उपरण्यानं तोंड पुसलं, साऱ्या लोकांसमोर. आपल्याकडचा कोणता माणूस करते हे? अन् मी जरा बरी झाली त मले उठवून कठड्यापाशी नेलं. म्हणे, "पाह्य, पाह्य. किती पाणी! अन् अकोल्यात नळाखाली घागर लावून बायका मारामाऱ्या करतात." मी ओकत ओकत हासली. ते हासणं माझ्याजवळ हाये अजून. ते खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही. तुमी चांगले होते अजी. हाच त घोळ हाये. तुमी वाईट असते त आज मले सोपं गेलं असतं.

लंकेतल्या मिहिंतलेच्या डोंगराच्या पायऱ्यांवर काय झालं ते मी अकोल्यात घरोघरी सांगतलं. किती वेळा सांगतलं त्याचा हिशेब नाही. तुमीच सांगाले लावायचे. पाहुणे आले का म्हणायचे, "सांग न ते पायऱ्यांचं." अन् मी उभी राहून नकलेसगट सांगायची. का दगडाच्या मोठाल्या रुंद पायऱ्या, दोन्ही अंगानं पांढऱ्या चाफ्याची झाडं, सारे लोक वर चालले, अन् आमचा माणूस खांद्यावर गोधडी घेऊन अर्ध्यावरच खाली बसला! कौसा पाणी घेऊन धावते. घामानं सदरा ओला. अन् मी वरून ओरडते, "अकोल्याच्या जिनात गाठी फेकणारा गडी, अन् एका गोधडीनं बसवला खाली!" सारी मंडळी हासली. तुमी बी हासले. हाशत हाशत म्हणले, "साऱ्या वस्तीले खांद्यावर बसवून राहिली तू. वजन त होईनच."

मी म्हणली, "द्या इकडे, मी नेते. बायको नेईन, नवरा मागून येईन, लोकं पाहतीन."

त्याच्यावर तुमी उठले. उठलेच. वरपर्यंत घेऊन गेले.

हे ऐकून अकोल्याच्या बाया पोट धरून हासत होत्या. अन् तुमी खाटेवर बसून ऐकत होते, माझ्या तोंडाकडे पाहत. तुमाले माहीत होतं मी काय सांगून राहिली. मले माहीत नव्हतं. तुमच्या मरणाची नक्कल करून दाखवत होती मी, अन् तुमी मले पुन्हा पुन्हा करायले लावत होते. हे कोणाशी असं करते का कोणी? आपल्या माणसाशी?

वर गेलो, भंतेनं गोधडी हातात घेतली. त्यांची भाषा आपल्याले नाही, आपली त्यांले नाही. त्यांनी घडी उलगडली, त्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मग आपल्या अंगावरल्या चिवराचा कोपरा धरून आपल्याले दाखवला. ते बी तुकडे जोडूनच शिवलेलं होतं. तुमी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी 'बुद्धं सरणं' म्हणाले सुरुवात केली त शब्द सारे आपलेच! विहारात म्हणतो तेच. तुमचा आवाज त्या दिवशी साऱ्यांच्या वर होता, छातीत असं असून बी. मले वाटलं आपलं लग्न आत्ताच लागलं. त्या एका घडीसाठी मी तुमाले सारं माफ करन, असं दुपारी वाटलं. संध्याकाळ झाली त नाही वाटत.

कारण परत येतानी काय झालं ते मी कोणाले सांगतलं नाही, अन् ते विसरता बी येत नाही. लंकेच्या किनाऱ्यावर, तलैमन्नारले, बोटीची वाट पाहत होतो. तुमी बोटानं ठरवलेला आपला लग्नाचा दिवस तोच. सारी मंडळी धरमशाळेत झोपली होती दुपारची. तुमी मले वाळूत नेलं. पाण्यात पाय टाकून बसलो. तुमी म्हणले, "अवं, मंडळी जाऊ दे. आपण उद्याच्या बोटीनं जाऊ. एक दिवस इथंच बसू."

मी म्हणली, "अन् शेळी?"

शेळी शेजारणीपाशी ठेवून आली होती मी. दुभती. म्हणली, ती बाई दूध पिळून घेईन अन् चारा घालणार नाही, आपली शेळी आटून जाईन. तुमी म्हणले, "आटू दे." मी म्हणली, "आटू दे म्हणायले काय जाते तुमचं?" तुमी पाण्यातले पाय वर घेतले. मग म्हणले, "चाल. खरं हाये तुझं. शेळी हाये."

अन् आपण त्याच बोटीनं आलो.

एका शेळीपायी! अजी, तुमी मले सांगतलं असतं त मी शेळी काय, घर सोडलं असतं. त्या वाळूत एक दिवस काय, जितके दिवस होते तितके बसली असती. तुमी मले तुमचा शेवटचा समुद्र मागतला अन् मले वाटलं माणूस लाडात आला. मी 'हो' म्हणली असती. माझं 'हो' तुमी घेतलंच नाही माझ्यापासून. हे तुमी माझं चोरलं. बाकी सारं सोडून देईन मी, हे नाही सोडत.

संध्याकाळी कडी काढली. कौसा तशीच अंगणात बसलेली, तांदूळ वेचत. मी विचारलं, काहून केलं त्यानं असं? काही म्हणला असन न तुले.

ती म्हणे, "म्हणला होता. तिले सांगतलं त ती माझ्या तोंडाकडे पाहून पाहून रडन. मले तिचं हासणं पायजे, जितके दिवस हाये तितके दिवस."

वा रे वा. हासणं तुमी घेतलं, अन् रडणं सारं मले एकटीले ठेवून गेले. वाटणी तुमीच केली. मले विचारलं का? पंचवीस वर्षं, बरं चोवीस, अर्धी भाकर तुले, अर्धी मले म्हणणारा माणूस. वस्तीत बायकोसंग एका ताटात जेवणारे पयले तुमी. अन् एवढी मोठी गोष्ट एकट्यानं खाल्ली. तुमाले वाटलं असन, माया करून राहिलो. मले असं वाटून राहिलं का मले दाराबाहेर उभं केलं. आपल्या लोकांले बाहेर उभं राहण्याचं काय असते, तुमाले सांगाची गरज नाही.

एवढं लिहून मी थांबली होती. आता दोन दिवसांनी पुढचं लिहून राहिली.

सुमन आली. पोट इतकं पुढं आलेलं, तरी बसमधून उतरून पिशवी आपणच घेऊन आली, तुमच्यावरच गेली ती. कौसा तिच्या मागंपुढं. अन् तिची नजर सारी माझ्यावर. मी वरणभात केला, वांग्याची भाजी केली. जेवण झालं, पोरगी भिंतीले टेकून पाय लांब करून बसली अन् म्हणे, "माय, बाबाले काही कळलंच नसन न? एकदम गेले न ते?"

"हो" माझ्या तोंडात आला होता. अगदी जिभेवर. इतका सोपा शब्द! म्हटलं असतं त पोरगी निवांत झोपली असती, कौसानं सुस्कारा टाकला असता. तवा मले समजलं, तुमाले किती सोपं गेलं असन ते. चुलीपाशी येऊन बसले, अन् लंकेले जाऊ म्हणले. सोपं असते अजी. दरवेळी तेवढ्यापुरतं सोपं असते.

मी म्हणली, "नाही बाई. त्याले माहीत होतं. लंकेच्या आधीपासून."

कौसा "वयनी!" म्हणून ओरडली. मी थांबली नाही. डॉक्टरचं सांगतलं, कवेलाचं सांगतलं, पायऱ्यांचं सांगतलं. शेळीचं सांगतलं. सुमन आधी माझ्यावरच चिडली. म्हणे, "तुले एवढं बी कळलं नाही?" मग कौसावर. मग तुमच्यावर, अन् तुमच्यावर चिडता चिडताच तिचा आवाज फाटला. मी तिच्याजवळ सरकली. तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं अन् ओरडून रडली. मी बी रडली. तुमी गेले त्या दिवशी लोकं होते, मी सावरत होती साऱ्यांले, तवा नव्हती रडली अशी. पोटात लेकरू हालत होतं तिच्या, माझ्या हाताले लागत होतं. आमी कोणी कोणाले गप्प बस म्हटलं नाही. लय वेळानं ती डोळे पुसत उठली अन् म्हणे, "माय, भूक लागली." मी तिले भात वाढला. ती जेवली, अन् माझ्याच शेजारी झोपली.

बस, अजी. एवढंच मागत होती मी तुमच्यापाशी.